मिरवणूक, पणत्या आणि एका मुक्कामाची ट्रिप: रात्रीचे घरचे फोटो धड यायचे असतील तर

तीन वर्षांमागं आमच्या बेळगावात शिवजयंतीच्या मिरवणुकीत मी एका रात्रीत ३४० फोटो काढले. दुसऱ्या दिवशी दुपारी उठून मोबाइल बघतोय तर चित्ररथांच्या ट्रॉलीवरचे फोकस, म्हणजे मोठे दिवे, आलेत, गणपत गल्लीतली लाइटिंग आलीय, धूर आलाय, कुणाचा तरी फेटा चारपाच फोटोत आलाय, आणि आई, जी पहाटे तीनपर्यंत माझ्या शेजारी उभारली होती, ती फक्त एका फोटोत, तीपण पाठमोरी. वर आक्काचा मेसेज, "आमचे फोटो पाठव की रे". काय पाठवू, डोंबल?

तेव्हापासनं मी रात्रीचे फोटो वेगळ्या पद्धतीनं काढतो आणि तेच इथं लिहितोय. मी काही फोटोग्राफर नव्हे, उद्यमबागेत मशीन शॉपला असतो, एक जुना सेकंडहँड कॅमेरा आहे पण तो बहुतेक वेळा कपाटातच, सगळं मोबाइलवर. त्यामुळं खाली जे सांगतोय ते कुठल्याही बऱ्या मोबाइलवर जमतं, कॅमेरेवाल्यांनी आपापलं बघून घ्यावं, मधेमधे त्यांच्यासाठीपण एखादं वाक्य टाकलंय.

लाइटिंगकडे पाठ करा

रात्री फोटो बिघडतो तो बहुतेक वेळा उजेड चुकीच्या बाजूला असल्यामुळं. आपण काय करतो, लाइटिंग भारी दिसली की घरच्यांना नेऊन तिच्यापुढं उभं करतो, म्हणजे लाइट पाठीमागं आणि तोंडं अंधारात. मग मोबाइल बिचारा गोंधळतो, मागचा उजेड सांभाळायला गेला की माणसं काळी, माणसं उजळायला गेला की मागची कमान पांढरीफटक, त्यात फ्लॅश मारला की सगळ्यांची तोंडं पिठात बुडवून काढल्यासारखी आणि मागं काळोख.

उलटं करायचं. स्वतः लाइटिंगकडे पाठ करून उभारायचं आणि घरच्यांना लाइटिंगकडे बघत उभं करायचं, म्हणजे जो उजेड तुम्हाला आवडला तोच त्यांच्या तोंडावर पडतो. मागं काय दिसणार म्हणाल तर सणाच्या रात्री गल्लीत दोन्ही बाजूला लाइटिंग असतीच, समोरच्या घरांच्या माळा, लांबची कमान, गर्दी, एवढं पुरतं. तोंडावर उजेड, मागं थोडी झगमग, झाला फोटो.

कुठला उजेड चांगला हे एकदोन वेळा बघितलं की कळायला लागतं. मिठाईच्या दुकानासमोर उभारा, ट्यूबांचा रुंद मऊ उजेड समोरनं येतो, आजीच्यासुद्धा सुरकुत्या छान दिसतात. चहाच्या गाडीवर डोक्यावर टांगलेला एकच बल्ब असतो तो बेकार, डोळ्यांखाली खड्डे पडतात आणि सगळे चार दिवस झोपले नसल्यासारखे दिसतात. तिथंच काढायचा असेल तर माणसांना बल्बच्या खालनं दोन पावलं मागं घ्या, आणि कुणाचा पांढरा शर्ट, पांढरा थर्माकोल, काय मिळेल ते छातीच्या उंचीवर समोर धरा, त्याच्यावरनं उजेड परत तोंडावर येतो. जांभळ्या-निळ्या एलईडीच्या लाइटमधे तर काढूच नका, नाकडोळे सगळे एकाच रंगात वितळतात. ते लाइट रंग बदलत असतात, थोडं थांबायचं, पिवळा नाहीतर पांढरा आला की दाबायचं. थांबायला वेळ नसेल तर तो फोटो नंतर ब्लॅक अँड व्हाइट करा, निम्मी भांडणं मिटतात.

मिरवणुकीत पळू नका

बाहेरच्यांसाठी सांगतो, महाराष्ट्रात शिवजयंती १९ फेब्रुवारीला असली तरी बेळगावात जुन्या परंपरेनं वैशाख शुद्ध द्वितीयेला मोठी शिवजयंती असते, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी, आणि चित्ररथांची मिरवणूक त्यानंतर साधारण दोन दिवसांनी रात्रभर. पुण्याच्या पाहुण्यांना हे दरवर्षी नव्यानं समजावून सांगावं लागतं, ते फेब्रुवारीत फोन करतात "मिरवणूक कधी रे". तिथीमुळं त्या रात्री चंद्र कोरीएवढाच असतो आणि लवकर मावळतो, आकाशाचा उजेड शून्य, जो काय उजेड तो ट्रॉल्यांवर. अनंत चतुर्दशीला उलट, वर जवळजवळ पूर्ण चंद्र असतो पण सप्टेंबरातले ढग त्याला दिसू देतील तर ना. त्या रात्री एक प्लास्टिकची पिशवी खिशात पाहिजेच, मोबाइल त्यात घालून वर रबर लावायचा आणि लेन्सपुरतं भोक पाडायचं.

आता मुद्द्याचं. मिरवणूक नावालाच चालते, खरं तर ती उभारलेली असते. एकेक चित्ररथ रामदेव गल्लीत नाहीतर रामलिंगखिंडीत वीसवीस मिनिटं जागचा हलत नाही, पुढं डॉल्बी अडकलेला असतो नाहीतर झांजपथक रंगात आलेलं असतं. आणि लोक काय करतात, एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत गर्दीतनं रेटत पळतात, घामाघूम होतात, पोरं रडायला लागतात. त्यापेक्षा एक कोपरा धरा. कोपरा म्हणजे कसा, रस्ता जिथं वळतो तिथला, कारण वळताना ट्रॉली तुम्हाला पुढनं, बाजूनं, मागनं अशी तिन्हीकडनं दिसते, आणि पायरी किंवा कट्टा असलेला, कारण आई-मावशीला बसायला पाहिजे. ओळखीच्या कुणाचं पहिल्या मजल्यावर घर असेल तर अर्धा तास तिथं मागून घ्या, वरनं गर्दीचा फोटो येतो तसा खालनं कधीच येत नाही. पण अर्धाच तास हां, वरनं माणसांची तोंडं दिसत नाहीत.

सजीव देखाव्यांचं एक बरं आहे, कलाकार स्थिर उभारलेले असतात. म्हणजे मोबाइलच्या नाइट मोडला जे दोनतीन सेकंद लागतात ते मिळतात. कोपर छातीला चिकटवायचं, पाठ खांबाला टेकवायची, श्वास सोडून दाबायचं. खालनं वर मारलेला फोकस असेल तर सरळ समोरनं काढू नका, भुतासारखी सावली नाकावरनं वर जाते, जरा बाजूला सरकून काढा.

पण खरं सांगू, मागच्या वर्षी माझा सगळ्यात चांगला फोटो देखावा सुरू नसताना मिळाला. रात्रीचा एक वाजून गेलेला, ट्रॉलीवर बाल शिवाजी झालेला सातआठ वर्षांचा पोरगा, डोक्यावर जिरेटोप तिरका झालेला, दाढीचं तर वय नाहीच पण गालावर काजळाचा तीळ पसरलेला, आणि जनरेटर बंद पडल्यामुळं फोकस गेलेला. खाली त्याची आई पाण्याची बाटली वर करून उभारलेली, एका हातात बिस्किटाचा पुडा, "पी की रे जरा, परत लाइट आला की मिळणार नाही". शेजारच्या दुकानातल्या ट्यूबचा उजेड दोघांच्यावर पडत होता. त्यानं तलवार काखेत धरली, वाकला, पाणी प्यायला. मी आधी आईकडे बघून मोबाइल दाखवला, तिनं मान हलवली, मग एक काढला. एकच. नंतर तिच्या नंबरवर पाठवलापण. दुसऱ्याच्या लेकराचा फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही हे आमच्यात पक्कं आहे.

मोबाइलमधलं थोडं

सगळ्यात आधी लेन्स पुसा. हसू नका. एका त्रिपुरारी पौर्णिमेला मी तासभर पणत्या लावल्या, तेलाचं बोट लेन्सला लागलं आणि सगळ्या फोटोत प्रत्येक दिव्याला तिरकी लांब शेपटी आली, घरी येऊन बघेपर्यंत कळलं नाही. आता खिशात चष्म्याचं फडकं असतं. बनियनला पुसलं तरी चालेल, पण पुसा.

फ्लॅश कायमचा बंद. झूम करायचं नाही, पायानं पुढं जायचं. तोंडावर बोट दाबून धरलं की फोकस आणि एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा ते) लॉक होतं, मग बोट खाली ओढून उजेड थोडा कमी करायचा, रात्र ही रात्रीसारखी दिसू दे, मोबाइलला सगळं दिवसासारखं करायची लई हौस असते. दिव्यांच्या समोर काढताना फोटोत हिरवे ठिपके येतात ते लेन्समधल्या उलटसुलट परावर्तनाचे, मोबाइल जरासा वाकडा केला की ते सरकून अंधारात जातात.

एलईडीच्या माळांखाली किंवा मोठ्या स्क्रीनसमोर काढलेल्या फोटोत आडवे काळे पट्टे येतात बघा, त्याचं कारण असं की आपल्याकडचा करंट ५० हर्ट्झचा, त्यामुळं कितीतरी दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होत असतात, डोळ्याला दिसत नाही पण सेन्सर फोटो ओळीओळीनं वाचतो त्याला दिसतं. प्रो मोड (सगळं हातानं ठरवायचा) असेल तर शटर, म्हणजे सेन्सर उजेड घेतो तो वेळ, १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, बहुतेक वेळा पट्टे जातात. व्हिडिओलापण तेच. माणसं हलत असतील तर १/१०० आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ८०० ते १६००, थोडे दाणे आले तरी चालतील, हललेल्या तोंडापेक्षा दाणेदार तोंड बरं. माणसं नसतील आणि मोबाइल कट्ट्यावर टेकवता येत असेल तर आयएसओ १००, शटर एकदोन सेकंद, आणि तीन सेकंदांचा टायमर लावा, कारण बटण दाबतानाच मोबाइल हलतो. कॅमेरेवाल्यांनी फटाक्यांसाठी आयएसओ १००, एफ ८ ते ११, दोनचार सेकंद आणि फोकस लांबवर लॉक, एवढ्यानं सुरुवात करावी.

१९२४ च्या काँग्रेस अधिवेशनाला शंभर वर्षं झाली म्हणून २०२४ च्या डिसेंबरात अख्खं बेळगाव दिव्यांनी सजवलं होतं, आठवतंय ना, तेव्हा सगळ्या गावाच्या स्टेटसला कमानींचा तोच तो फोटो होता, आणि निम्म्यांच्यात हेच पट्टे.

पणत्या, किल्ले आणि ती वीस मिनिटं

पणत्यांचा फोटो पूर्ण काळोखात काढायचा नसतो. सूर्य मावळल्यावर पंधराएक मिनिटांनी आकाश गडद निळं होतं आणि साधारण वीस मिनिटं तसं राहतं, तेव्हा पणतीचा पिवळा आणि वरचा निळा एकमेकांना उठाव देतात. नोव्हेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या आसपास मावळतो, म्हणजे साधारण सव्वासहा ते सहा पस्तीस, हा वेळ हातचा जाऊ द्यायचा नाही. त्यासाठी पणत्या पावणेसहालाच लावून तयार पाहिजेत, आणि घरी हेच जमत नाही, कारण वाती सापडत नाहीत, तेल सांडतं, वहिनी म्हणते आधी तुळशीपुढं लाव मग तुझं चालू दे. तिचं बरोबर आहे. आदल्या दिवशी वाती भिजवून ठेवा.

त्रिपुरारी पौर्णिमेला आणखी एक गंमत, सूर्य मावळता मावळता पूर्वेला चंद्र उगवतो. बेळगावातल्या कपिलेश्वराच्या देवळात जात असाल (त्याला दक्षिण काशी म्हणतात हे सांगायला नको) तर पहिल्या वीस मिनिटांत चंद्र, निळं आकाश आणि दिवे तिन्ही एका फोटोत बसतात, नंतर आकाश काळं होतं आणि चंद्र म्हणजे नुस्तं पांढरं भोक. निपाणी-चिकोडीकडच्या मंडळींना कोल्हापूरचा पंचगंगा घाट जवळ पडतो, तिथला दीपोत्सव पहाटेचा असतो, तर तिथं निळा उजेड सहाच्या आसपास मिळतो, त्याच्या आधी काळोखात काढत बसून बॅटरी संपवू नका. आणि कृष्णेकाठच्या लोकांनी एकदा तरी त्या पौर्णिमेला खिद्रापूरला जावं, तिथल्या कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपाला वर गोल झरोका आहे, मध्यरात्रीकडे चांदणं त्यातनं खालच्या गोल शिळेवर उतरतं. गर्दी असते, सगळ्यांचे मोबाइल वर, त्यामुळं तिथं फोटोपेक्षा आधी डोळ्यानं बघून घ्या असंच मी म्हणेन.

पणतीच्या उजेडात माणसाचा फोटो काढायचा तर पणती तोंडापासनं हातभर लांब आणि हनुवटीपेक्षा थोडी खाली, एका पणतीचा उजेड पुरत नाही, ताटात सातआठ ठेवा. ओढणी, मोकळे केस, नायलॉनची साडी यांच्याकडे एकाचं लक्ष पाहिजे, ज्याच्या हातात मोबाइल आहे त्याचं ते लक्ष नसतंय. रंग लईच नारिंगी यायला लागला तर व्हाइट बॅलन्स (फोटोतला पिवळा-निळा सावरायची सेटिंग) थोडा खाली आणा, पण पूर्ण पांढरा करू नका, मग पणती ट्यूबलाइटसारखी दिसते.

दिवाळीतले पोरांचे किल्ले हा माझा सगळ्यात आवडता विषय. दिवसा काढले तर मातीचा ढीग आणि त्यावर अळीव उगवलेला, एवढंच दिसतं. संध्याकाळी त्याच निळ्या उजेडात मोबाइल उलटा करून जमिनीला टेकवा, म्हणजे लेन्स मातीपासनं दोन बोटं वर येते, एक पणती बुरुजाच्या मागं लपवा, एक दरवाजाच्या आत, आणि किल्ला राजगडाएवढा दिसायला लागतो. मागनं पोरांची तोंडं आत वाकलेली पाहिजेत, मावळे लावताना, भांडताना. "हितं बघा, हसा" म्हणायचं नाही. आमच्या भाच्याला मी एकदाच म्हणालो, त्यानं सगळे दात दाखवले आणि तोपर्यंत धाकट्यानं शिवाजी महाराजांचं सिंहासन पाडलं होतं.

फुलबाजीनं हवेत नाव लिहायचं तर शटर पाच ते आठ सेकंद, मोबाइल स्थिर, आणि लिहिणारा कॅमेऱ्याकडे तोंड करून लिहितो म्हणून अक्षरं उलटी येतात, नंतर फोटो फ्लिप करायचा. देवनागरीत "शुभ" लिहायला एक फुलबाजी पुरत नाही, "ग" पुरतो.

सगळ्यांचा मिळून एक

ग्रुप फोटो म्हणजे ट्रिपचं निम्मं भांडण. मला जे जमलंय ते असं. उजेड आधी, जागा नंतर, हे वर सांगितलंच. काहीच उजेड नसेल तर दुसऱ्या मोबाइलची टॉर्च चालू करून तिच्यावर पांढरा रुमाल दोन घड्या घालून धरा, आणि तो मोबाइल फोटो काढणाऱ्यापासनं दोनतीन हात बाजूला आणि डोक्याच्या वर, म्हणजे उजेड मऊ होतो आणि चष्म्यात चमकत नाही. माणसांची सरळ रांग करू नका, कडेची माणसं ताणल्यासारखी रुंद होतात आणि वहिनी म्हणतात मी एवढी जाड आहे काय. दोन ओळी करा, पुढची बसलेली, आणि सगळे जवळजवळ, खांद्याला खांदा. नाइट मोड असेल तर "हलू नका" असं तीन सेकंद ओरडत राहायचं, पोरं असतील तर नाइट मोड बंद करून उजेड वाढवायचा, पोरं हलणारच.

मिटलेल्या डोळ्यांवर एक जुना उपाय, सगळ्यांना डोळे मिटायला सांगा, तीनला उघडायला सांगा, उघडल्या उघडल्या चारपाच काढून घ्या.

आणि जो काढतोय तोच फोटोत नसतो. आमच्यात हे माझ्या लक्षात आलं ते आण्णा म्हणाले तेव्हा, "अरे गोकाकला तू आला होतास काय?" फोटोवरनं त्यांना खरंच आठवेना. आता मी मोबाइल बाटलीला टेकवून दहा सेकंदांचा टायमर लावतो, नाहीतर सगळं लॉक करून कुणालातरी देतो आणि एवढंच म्हणतो, "मामा, नुस्तं हे गोल दाबा, दोनदा". जास्त शिकवायला गेलं की ते झूम करतात.

एका मुक्कामाच्या ट्रिपा

ट्रिप ठरवताना कॅलेंडरमधे दोन गोष्टी बघतो, रविवार आणि चंद्र. चांदण्या बघायच्या असतील तर अमावस्येजवळचा शनिवार, आणि चांदण्यात फिरायचं तर पौर्णिमेजवळचा. हे न बघता गेलो आणि लख्ख चांदण्यात आकाशगंगा शोधत बसलो असं आमचं झालेलं आहे.

जांबोटी-कणकुंबीकडे, म्हणजे मलप्रभा जिथं उगम पावते तिथं, गावापासनं लांब गेलं की अंधार चांगला मिळतो. एप्रिलात मध्यरात्र उलटल्यावर, मेमधे अकराच्या पुढं आग्नेयेला आकाशगंगेचा जाड भाग वर येतो. मोबाइल ट्रायपॉडवर, मेन लेन्स, आयएसओ १६०० ते ३२००, शटर पंधरा सेकंद, वीसच्या वर गेलात तर चांदण्यांच्या रेघा होतात. घरच्यांना त्यात उभं करायचं असेल तर पंधरा सेकंद दगडासारखं उभारायचं आणि रुमालाआडनं टॉर्च फक्त एक सेकंद त्यांच्यावर फिरवायची. दोघातिघांनाच जमतं, दहा जणांत एक खोकतोच. रस्त्याच्या वळणावर ट्रायपॉड लावू नका, चोर्ल्याच्या रस्त्यानं रात्री गोव्याच्या गाड्या जोरात येतात. भीमगडच्या जंगलात परवानगीशिवाय रात्रीचं शिरायचं नाही. आणि नेटवर्क जातं, घरी आधीच सांगून ठेवा, नकाशा ऑफलाइन घ्या.

आंबोली हिंडलगा-शिनोळीच्या रस्त्यानं साठसत्तर किलोमीटर, उंची साधारण ६९० मीटर, पावसाळ्यात सगळं बेळगाव तिथं. धबधब्यापुढं रेनकोटातला फोटो सगळ्यांकडे असतो, मी म्हणतो रात्री धुक्यात काढा. गाडी बाजूला पार्क करून हेडलाइट चालू, माणसं हेडलाइटच्या पुढं गाडीकडे पाठ करून, आणि तुम्ही समोरनं, धुक्यात उजेडाचे पट्टे पडतात आणि माणसांच्या आकृत्या. (हो, इथं मी वरचा नियम मोडलाय, तोंडं दिसत नाहीत. पण धुकं रोज मिळत नाही.) एसी गाडीतनं बाहेर आलात की लेन्सवर वाफ धरते, पुसत बसू नका, परत धरते, गाव यायच्या दहा मिनिटं आधी एसी बंद करून काचा खाली करा. पहिल्या पावसानंतर रात्री बेडूक बघायला लोक येतात, त्यांच्यावर फ्लॅश मारू नका, टॉर्चचा हलका उजेड बाजूनं पुरतो, आणि पोरांना हात लावू देऊ नका.

कित्तूर उत्सव २३ ते २५ ऑक्टोबर, राणी चन्नम्मांनी १८२४ साली इंग्रजांना हरवलं त्या दिवसाचा. बेळगावहून धारवाड रोडला पन्नासेक किलोमीटर, सकाळी निघून देगावचं कमल नारायण मंदिर बघायचं, संध्याकाळी किल्ल्यात, रात्री घरी, मुक्काम करायचीपण गरज नाही. हलशीला भूवराह नरसिंहाच्या देवळात रात्री काही नाही, पण संध्याकाळचा तिरका उजेड दगडावर बघण्यासारखा असतो. राजहंसगडावर सूर्यास्ताला जा, महाराजांचा पुतळा आणि खाली बेळगावचे दिवे लागताना दिसतात, वारा मात्र एवढा असतो की ट्रायपॉडला पिशवी लटकवल्याशिवाय थांबत नाही.

सगळ्या ट्रिपांना एकच नियम, फोटोला एका ठिकाणी वीस मिनिटं. त्यानंतर मोबाइल खिशात आणि डबे उघडायचे. पहिल्या वर्षी मी आंबोलीत सगळ्यांना पाऊण तास उभं केलं होतं, शेवटच्या फोटोत मावशीचं तोंड असं आहे की अजून कुणी तो भिंतीवर लावला नाही. पॉवर बँक दोन, एक माझी, एक भावजींची, कारण माझी नेहमी कुणीतरी मागून नेतं. कँपात आणि मिलिटरीच्या हद्दीत मोबाइल खाली. ड्रोनचा विचार असेल तर विसरा, एकीकडे सांबऱ्याचा विमानतळ, एकीकडे मिलिटरी, आणि गर्दीच्या डोक्यावरनं तर नाहीच नाही.

घरी आल्यावर

त्याच रात्री नाही, दुसऱ्या दिवशी चहाबरोबर बसायचं आणि निवडायचं. एका ट्रिपचे बारापंधरा, जास्त नाही. ग्रुपवर ३४० टाकले की कुणीच बघत नाही, तेरा टाकले की प्रत्येकावर भांडण होतं, म्हणजे बघितले गेले. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून बारीक होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. बाकीचे महिनाभर ठेवून मग डिलीट.

दोन तरी प्रिंट काढा. इथं एक फसवणूक आहे, मोबाइलचा स्क्रीन मागनं उजळलेला असतो, कागद नसतो, त्यामुळं रात्रीचा फोटो प्रिंटमधे हमखास काळपट येतो. द्यायच्या आधी ब्राइटनेस थोडा वाढवा, सावल्या जरा वर काढा, आणि दुकानदाराला आधी एकच काढून दाखवायला सांगा, मग बाकीच्या. मी गेल्या मिरवणुकीतला आईचा फोटो असाच दोनदा काढून घेतला, पायरीवर बसलीय, समोरच्या ट्रॉलीचा पिवळा उजेड तोंडावर, हातात चुरमुऱ्याची पुडी. मला तो लई आवडला. ती म्हणाली, "पदर नीट करायला सांगायचंस की."